फ्रीस्टाइल लिब्रे : दंडावरचा सेन्सर आणि नव्या ओळखी

टाइप १ मधुमेह असलेल्या माणसाने नव्या ओळखीत ही गोष्ट केव्हा सांगावी, हे कोणताही डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देत नाही. अ‍ॅबट कंपनीचा फ्रीस्टाइल लिब्रे हा शरीरातली साखर मोजणारा सेन्सर दंडाला लावला की मात्र त्याचा निकाल बराचसा आपोआप लागतो, म्हणून त्याचे हे परीक्षण मुख्यतः त्याच अंगाने केले आहे.

३५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड अशी ही पांढरी चकती दंडाच्या मागच्या बाजूस १४ दिवस चिकटून राहते आणि अर्ध्या बाह्यांमधून सहज दिसते. नागपुरात धरमपेठेतल्या कॅफेत किंवा फुटाळ्याच्या काठावर समोरची व्यक्ती स्वतःहून ‘हे काय आहे?’ असे विचारते आणि विषय काढण्यासाठी मुहूर्त शोधावा लागत नाही. स्थळांच्या बायोडेटात उंचीपासून पगारापर्यंत सारे असते, आजार तेवढा गाळलेला असतो. त्या पद्धतीपेक्षा हा उघडेपणा मला अधिक सभ्य वाटतो. ज्यांना वेळ स्वतःच ठरवायची आहे, त्यांनी पूर्ण बाह्या घालाव्यात. फोन कापडावरूनही रीडिंग घेतो. सावजी भोजनालयात बोटे रश्श्याने माखलेली असताना सुई टोचण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचे आहे.

सेन्सर रक्तातली नव्हे, तर पेशींच्या भोवती असलेल्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे आकडा काही मिनिटे मागे असतो. साखर झपाट्याने उतरत असेल किंवा अंगाला कंप सुटला असेल आणि पडद्यावरचा आकडा ठीक दिसत असेल, तर बोटातून तपासणी करावीच. मूळ लिब्रेत धोक्याचा गजर नाही. भेटीत मध्येच काही वाजत नाही, हे बरे. पण रात्री साखर उतरली तर जागे करणारेही कोणी नाही. म्हणूनच जोडीदाराला ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हा आकडा आधीच सांगून ठेवावा: त्याखाली गेल्यास १५ ग्रॅम साखर पाण्यातून किंवा तेवढी साखर असलेला संत्र्याचा रस द्यायचा आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. प्रेमाने पुढे केलेली संत्रा बर्फी अशा वेळी कामाची नाही, कारण तिच्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

नागपूरच्या उन्हाळ्यात खरी अडचण येते. हे उपकरण १० ते ४५ अंश तापमानासाठी बनवलेले आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा त्या मर्यादेला भिडतो. घामाने चिकटपट्टीही सैल होते. वरून टेप लावताना मधले छिद्र मोकळे ठेवावे. एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये लागतात आणि वर्षभर वापरायचे तर असे २६ सेन्सर हवेत, त्यामुळे सगळ्यांना तो परवडेल असे नाही.

लिब्रेलिंकअप या अ‍ॅपमधून आपली रीडिंग २० जणांपर्यंत पाहू शकतात. ही सोय नव्या ओळखीत लगेच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेह आहे हे सांगणे वेगळे आणि दुपारी जेवणानंतर साखर २४० का झाली याचा जाब देत बसणे वेगळे. काळजीचे रूपांतर पहाऱ्यात होऊ लागले, तर त्या व्यक्तीचे नाव यादीतून केव्हाही काढता येते.