लेव्हल आली का? धंतोलीतल्या एका क्लिनिकची मेसेज सेवा

पीकेयू (फिनाइलकीटोनुरिया, प्रथिनांतलं फिनाइलॲलनिन शरीराला नीट मोडता न येणारा जन्मजात आजार) आणि तत्सम चयापचयाच्या आजारांच्या मुलांचे रक्ताचे निकाल एसएमएसने कळवणारी ही सेवा नागपुरात धंतोलीतल्या एका मेटाबॉलिक क्लिनिकची आहे. पीकेयूमध्ये पहिल्या वर्षी दर आठवड्याला, पुढे बारा वर्षांपर्यंत साधारण पंधरवड्याला आणि नंतर महिन्याला रक्तातलं फिनाइलॲलनिन तपासावं लागतं; तीच ही ‘लेव्हल’. गडचिरोली किंवा गोंदियाहून दरवेळी एका आकड्यासाठी नागपूरची खेप कोण करणार? इथे घरीच बोट टोचून (तान्ह्या बाळाची टाच) फिल्टर पेपरच्या कार्डावर थेंब घ्यायचे, कार्ड वाळवून कुरियरने पाठवायचं आणि निकाल फोनवर येतो.

मेसेज असा असतो: ‘क्र ४७. लेव्हल ४१० (हवी १२०-३६०). नमुना ३ जून. आहार बदलू नका, फोन येईल’. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० जागा मिळतात. काना, मात्रा आणि हलन्त प्रत्येकी एक जागा खातात. हा मजकूर बरोबर ७० मध्ये बसवलाय आणि नीट विचार करून बसवलाय. मुलाचं नाव नाही, आजाराचं नाव नाही, त्यामुळे लॉक स्क्रीनवर कुणी वाचलं तरी काही उघड होत नाही. दोन भावंडांना आजार असेल तर क्रमांकावरून गोंधळ टळतो. कंसातलं लक्ष्य प्रत्येकाचं वेगळं भरतात. ते गरजेचंच आहे, कारण बारा वर्षांपुढे काही ठिकाणी ६०० पर्यंत चालवतात, पण गरोदरपणात पुन्हा १२० ते ३६० मध्येच राहावं लागतं.

नमुन्याची तारीख दिलीय हे सगळ्यात चांगलं. निकाल येईपर्यंत चार-पाच दिवस जातात. त्या दिवशी मुलाला ताप होता का, हे आईला तारखेवरूनच आठवतं. तापात शरीर स्वतःचे स्नायू मोडून प्रथिनं वापरतं आणि ताटात काहीही न बदलता लेव्हल चढते. अशा वेळी घाबरून भाताचं माप कमी केलं तर उलटा परिणाम होतो. म्हणून ‘आहार बदलू नका’ हे तीन शब्द मोलाचे आहेत.

खटकतं ते एकक. मेसेजमध्ये मायक्रोमोल लिहिलेलं नाही. दुसऱ्या लॅबमध्ये हीच लेव्हल मिलिग्रॅममध्ये ‘६.८’ अशी येते (१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे ६०.५ मायक्रोमोल प्रति लिटर), आणि ४१० वरून थेट ६.८ वर आली असं समजून घरात पेढे वाटले जाऊ शकतात. दोन भागांचा मेसेज पाठवला तर प्रत्येक भागाला ६७ जागा मिळतात आणि खर्च दुप्पट होतो. तो करावाच.

लेव्हल १२० च्या खाली आली तर नुसतं ‘लक्ष्याखाली’ एवढंच येतं, ‘फोन येईल’ नाही. हेही बदलायला हवं. फिनाइलॲलनिन शरीराला लागतंच. फार कमी पडलं तर वाढ खुंटते, भूक मंदावते. कमी आकडा पाहून पालक सुखावतात आणि तसंच चालू ठेवतात.

पाठवणाऱ्याच्या कोडवर उत्तर देता येत नाही, म्हणून मेसेज वाचल्याची खूण म्हणून क्लिनिकच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. २४ तासांत आला नाही तर त्यांच्याकडून फोन येतो. नोंदणी करताना दोन नंबर द्या, आणि त्यातला एक घरात स्वयंपाक जो करतो त्याचा. फक्त बाबांचा नंबर दिला तर बाबा ड्युटीवर आणि मेसेज खिशात, असं होतं.

कार्ड नाकारलं गेलं तर कारण कळवतात, याबद्दल पूर्ण गुण. नमुना सकाळी उपाशीपोटी, फॉर्म्युल्याच्या (आजारासाठीच्या खास प्रथिन पावडरच्या) पहिल्या मात्रेआधी घ्यायचा. पहिला थेंब पुसायचा, पुढचा मोठा थेंब एकाच बाजूने कार्डावरच्या गोलात टेकवायचा, पाठीपर्यंत भिजला पाहिजे. थेंबावर थेंब नको. मग आडवं ठेवून तीन-चार तास वाळवायचं. नागपुरात इथेच घोटाळा होतो: उन्हाळ्यात कार्ड कूलरसमोर ठेवतात आणि कूलरची हवा ओली असल्याने ते वाळतच नाही. पंख्याखाली, सावलीत ठेवा. पावसाळ्यात पाकिटात सिलिका जेलची पुडी टाका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत कार्ड राहू देऊ नका.

खरा आक्षेप एमएसयूडीबद्दल (मेपल सिरप युरिन डिसीज, असाच एक जन्मजात आजार). त्यात प्रथिनांतलं ल्यूसिन रक्तात साठतं, आणि त्याचा आकडाही याच साच्यातून पाठवतात. आजारपणात ल्यूसिन झपाट्याने वाढतं. वाढलेला आकडा हातात आल्यावर मेसेज लिहीत बसू नये, थेट फोन करावा आणि आधी मूल कसं आहे ते विचारावं. चयापचयाच्या इतर काही आजारांत वाढणाऱ्या अमोनियाचं तसं नाही: तो या कार्डावर तपासता येत नाही, रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला द्यावं लागतं, आणि क्लिनिकने तो सेवेबाहेर ठेवलाय, हे योग्यच. उलट्या, सुस्ती, दूध न घेणं, तोल जाणं यापैकी काहीही दिसलं तर कुठल्याही मेसेजची वाट न पाहता जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. ही ओळ नोंदणीच्या कागदावर सध्या नाही. पहिल्याच पानावर ठळक छापायला हवी.

ज्यांची मुख्य फाइल मुंबईत केईएमला आहे त्यांनी निकालाचा सहीचा पीडीएफ वेगळा मागून घ्यावा. मागितल्यावर व्हॉट्सॲपवर देतात, आपणहून देत नाहीत.