यंदाचं वाळवण: घरी घालायचं, करून घ्यायचं की विकत आणायचं?

एप्रिल लागला की साबुदाणा आणि बटाट्याच्या भावाची चौकशी सुरू होते आणि घराघरांत तोच विषय निघतो: यंदा वाळवण घालायचं का? दोघंही नोकरीला, गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सगळं पाकिटात तयार मिळतं. तरीही मुलांना सुट्टी असते, बाहेर कडकडीत ऊन असतं आणि अख्खं घर एका कामाला लागेल असे प्रसंग वर्षात फारसे येत नाहीत.

वाटा तीन आहेत. सगळं घरी घालायचं. साहित्य आपलं देऊन मजुरीवर करून घ्यायचं. नाहीतर तयार विकत आणायचं. माझं मत आधीच सांगून टाकते. एक किंवा दोन जिन्नस घरी घालावेत, आणि ते असे निवडावेत की सहा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या आजीपर्यंत प्रत्येकाला त्यात हात लावता येईल. बाकीचं बिनदिक्कत बाहेरून आणावं. घरी स्वस्त पडतं की विकत, हा हिशेब मी दुय्यम मानते. घरच्या बाईच्या वेळेचे पैसे कुणी त्यात धरतच नाही, मग घरचं स्वस्तच दिसणार.

काय घालायचं त्याआधी कधी घालायचं ते ठरवा. हल्ली शाळांच्या परीक्षा एप्रिलअखेरीपर्यंत लांबतात, त्यामुळे मुलांसकट वाळवण घालायचं तर मेचा पहिला पंधरवडाच हाताशी राहतो. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात, पण २०२५ साली तो २६ मेलाच मुंबईत दाखल झाला आणि त्याच्या आधीचे कितीतरी दिवस ढगाळ, पावसाळी गेले. मेच्या शेवटच्या आठवड्यावर विसंबणाऱ्यांना त्या वर्षी ऊनच मिळालं नाही. म्हणून सुट्टी लागल्या लागल्या पहिला शनिवार-रविवार धरावा. घरी घालण्याचं ठरवायला उशीर झाला असेल तर विकतचाच रस्ता बरा.

कुरडई: सगळ्यात कष्टाची, सगळ्यात हौसेची

बहुतेकींच्या मनात वाळवण म्हटलं की कुरडईच येते, आणि निर्णय अडतो तोही तिथेच. म्हणून तिचं गणित नीट मांडते.

शनिवारी सकाळी कुरडया घालायच्या असतील तर गहू मंगळवारी संध्याकाळी भिजत पडायला हवेत. रोज पाणी बदलायचं. ऊन फार असेल तर सकाळ-संध्याकाळ. पाणी बदलायचा कंटाळा केला की गहू आंबतात आणि तो आंबूस वास तळलेल्या कुरडईतही राहतो. शुक्रवारी संध्याकाळी गहू चिमटीत दाबला की आतलं पांढरं दूध बाहेर येतं. मग मिक्सरमधून काढायचं, भरपूर पाण्यात कालवायचं, पिळून चोथा वेगळा करायचा आणि दूध फडक्यातून गाळून रात्रभर झाकून ठेवायचं. चोथा टाकू नये. त्यात तिखट, मीठ, जिरं घालून वड्या घालता येतात.

सकाळी वरची निवळी हलक्या हाताने ओतून टाकली की तळाशी चीक उरतो. तो वाटीने मोजायचा. जितका चीक तितकं पाणी. काही घरांत थोडं जास्त घेतात. जाड बुडाच्या पातेल्यात पाण्याला मीठ-हिंग घालून खळखळून उकळी आणायची. इथून पुढे दोन माणसं लागतातच: एकाने धार धरायची, दुसऱ्याने लाकडी दांड्याने सतत घाटायचं. धार जाड झाली की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. झाकण ठेवून वाफ आली की पांढऱ्या चिकाला चकाकी येते, तो जरासा पारदर्शक दिसायला लागतो आणि पातेल्याची कड सोडतो. ओला हात लावून पाहिला तर बोटाला चिकटत नाही. हा गरम चीक वाटीत घेऊन त्यावर तूप किंवा कच्चं तेल घालून खायला जी रांग लागते, त्या रांगेसाठीच कित्येक घरांत अजून कुरडया घालतात.

त्यानंतर घाई. चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबायचा, कारण गार झाला की तो सोऱ्यातून उतरत नाही. याला मनगटात जोर लागतो. घरातल्या पुरुषांनी हे काम हक्काने आपल्याकडे घ्यावं. मुलांना मात्र इथे लांब ठेवलेलं बरं, हातांवर वाफ येते.

तेव्हा कुरडईपुरता माझा निकाल असा. चीक ओळखणारं एक जाणतं माणूस घरात असेल, दोन धडधाकट जोडीदार असतील आणि गच्ची मिळणार असेल तर घरी घालाव्यात. दोन शेजारणींनी मिळून घातल्या तर उत्तमच. यातलं एकही नसेल तर हौसेपायी पाच दिवस अडकून घेऊ नये, विकत घ्याव्यात. चिकाची चव मुलांना द्यायचीच असेल तर दोन वाट्या गव्हाचा चीक नुसता खाण्यापुरता करावा. सोऱ्या काढायचाच नाही.

घरीच घालण्यासारखं

साबुदाण्याच्या पापड्या. फ्लॅटमध्ये, एका सुट्टीच्या सकाळी, मुलांना घेऊन घालायला यांच्यासारखं दुसरं काही नाही. रात्री साबुदाणा भिजवायचा, सकाळी चौपट-पाचपट पाण्यात जिरं आणि हिरवी मिरची वाटून घालून शिजवायचा. दाणे काचेरी दिसले की गॅस बंद. मीठ घालताना मात्र हात आवरावा: ओल्या मिश्रणात थोडं आळणी लागलं पाहिजे, कारण पापडी वाळून आटली की तेवढंच मीठ पुरेसं होतं. पहिल्यांदा घालणाऱ्यांच्या पापड्या खारट होतात त्या इथेच.

मिश्रण कोमट झालं की पळी मुलांच्या हातात द्या. वेड्यावाकड्या, जाडबारीक, एकमेकींना चिकटलेल्या पापड्या होतील. तळल्यावर सगळ्या फुलतात. दुपारी कावळे-कबुतरांवर पहारा द्यायचा, संध्याकाळी कडा सुटल्या का पाहायच्या आणि त्या बहाण्याने अर्धवट वाळलेल्या, चिवट पापड्या पळवायच्या. या पळवापळवीवर ओरडू नये. तेवढ्यासाठी साबुदाणा मूठभर जास्तच भिजवावा.

बटाट्याचा कीसही याच रांगेतला. बटाटा मात्र निवडून घ्यावा. शीतगृहात फार दिवस राहिलेला बटाटा गोडसर होतो आणि त्याचा कीस तळताना लाल पडतो. भाजीवाल्याकडे ‘वेफरचा बटाटा द्या’ म्हणावं, पुण्या-मुंबईकडे तळेगाव म्हणून मिळतो तो चालतो. किसून दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, मिठाच्या उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढायचा, निथळून पसरायचा. किसणी मोठ्यांकडे, पसरणं छोट्यांकडे.

सांडगे हे आजीचं काम. डाळ भिजवून भरड वाटली की बाकी सगळं बसून करता येतं, बोटांनी छोटे छोटे सांडगे तोडत जायचे. पायांना त्रास नाही, गप्पांना खंड नाही. विदर्भात मूगवड्या घालतात तिथेही हेच. शिवाय भाजी नसेल त्या दिवशी सांडग्यांची आमटी कामाला येते, म्हणजे पावसाळ्यात याचा उपयोग कुरडईपेक्षा जास्त.

कोकणात सुट्टी घालवणार असाल तर यातलं काहीच नेऊ नका. तिथलं वाळवण वेगळं: आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं. रातांबे फोडून बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. मुलांचे हात आणि कपडे लाल होतात, आणि शहरात कुणी शिकवणार नाही अशी एक गोष्ट त्यांना कळते.

विकत किंवा करून घेण्यासारखं

उडदाचे पापड घरी लाटावेत असं मला वाटत नाही. पीठ कुटून मऊ करायला लागतं, ते वाळायच्या आत सगळ्या लाट्या लाटून व्हायला हव्यात आणि पापड उन्हात न टाकता सावलीत सुकवावे लागतात. आठ-दहा लाटणी एका वेळी चालतील असं घर आता कुणाचं? विकतच्या पापडात कमीपणा तर मुळीच नाही. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातूनच लिज्जत उभी राहिली. तेव्हापासून मराठी ताटातला पापड दुसऱ्या बाईच्या हातचा आहे आणि त्यावर तिचं घर चालतं.

शेवया करून घ्याव्यात. पाटावरच्या हातशेवया करणाऱ्या आता थोड्याच उरल्या, पण गावोगावी शेवयांची यंत्रं आहेत. आपलं पीठ द्यायचं, किलोमागे मजुरी द्यायची आणि ओल्या शेवया घरी आणून वाळत घालायच्या. गहू कुठला ते आपल्याला माहीत असतं, कष्ट यंत्राचे. मसाल्याचंही तसंच. मिरच्या आपण निवडून, देठं खुडून, उन्हात तापवून द्यायच्या आणि कांडप गिरणीवर समोर उभं राहून कुटून आणायचा.

तयार वाळवण घेताना पाकिटाच्या नक्षीकडे पाहू नये. गव्हाची कुरडई किंचित पिवळट पांढरी असते. फार पांढरी असेल तर तांदळाची आहे का ते विचारावं, तीही वाईट नाही पण चव वेगळी. एक कुरडई मोडून पाहावी, कडकन तुटली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे आणि पावसाळ्यात बुरशी धरणार. नाकाला लावून पाहावी, आंबूस वास नको. जमलं तर आधी पाव किलो आणून दोन तळाव्यात, मगच वर्षाची मागणी नोंदवावी.

कुणाकडून घ्यायचं, यात माझी पसंती बचत गटांच्या बायकांना आहे. ‘उमेद’ या राज्य सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातर्फे मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गावोगावच्या गटांचं वाळवण मिळतं. तिथे चव पसंत पडली की फोन नंबर घेऊन ठेवावा आणि मार्चमध्येच मागणी कळवावी. मे उजाडल्यावर फोन केला तर उरलंसुरलं मिळतं. आणि भावात घासाघीस करू नये. वर सांगितलेले पाच दिवस आठवावेत, कुरडईचा भाव मग महाग वाटत नाही.

ऊन, जागा आणि माणसं

आपण राहतो कुठे यावरही बरंच अवलंबून आहे. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात पाणी टिकत नाही, पातळ पापड्या एका दिवसात खडखडीत होतात. मुंबई-ठाण्यात हवेतच ओल असते, तिथे त्याच पापड्यांना दोन-तीन दिवस धरावे लागतात. गच्ची नसेल, नुसती पूर्वेची बाल्कनी असेल तर पापड्या पहिल्या दिवशी पंख्याखाली आणि नंतर उन्हाच्या तुकड्यात असं जमतं. कीस आणि कुरडईला तसं चालत नाही, त्यांना पहिल्याच दिवशी सणसणीत ऊन हवं. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू असेल तर घरी घालूच नये. पातळ मलमल वरून टाकली तरी सिमेंटची धूळ बसतेच.

राहिली माणसं. घरी घालायचं ठरवताना कामाची वाटणी आदल्या दिवशी तोंडाने बोलून घ्यावी. साहित्य कोण आणणार, सकाळी सहाला पातेलं कोण चढवणार, गच्चीवर प्लास्टिक आणि जुन्या साड्या कोण नेणार, संध्याकाळी कोण गोळा करणार आणि मुख्य म्हणजे चिकट पातेली कोण घासणार. हे ठरलं नाही की सगळं फिरून आईच्याच अंगावर पडतं. बाकीच्यांची सुट्टी होते, तिची नाही. पातेली घासायला कुणीच तयार नसेल तर त्या घराने यंदा विकत आणावं, हे मी अगदी मनापासून सांगते. आजींना मात्र खुर्ची टाकून शेजारी बसवावं. मीठ किती, चीक झाला का, हे त्या लांबूनही अचूक सांगतात, आणि नातवंडांना हाताशी घेऊन शिकवण्याचा त्यांचा उत्साह त्या दिवशी वेगळाच असतो.

प्रमाण थोडं ठेवावं. चार माणसांच्या घराला अर्धा किलो साबुदाण्याच्या पापड्या आणि दोन-तीन किलो बटाट्यांचा कीस पुरतो. पाहुण्यांना बांधून द्यायचं असेल तर थोडं अधिक. उन्हातून आणलेलं वाळवण तापलेलं असताना डब्यात भरू नये, पूर्ण निवू द्यावं, नाहीतर झाकणाला पाणी सुटतं. डब्यात हिंगाचा खडा टाकावा आणि शाळा सुरू होण्याआधी एक कडक दिवस पाहून सगळ्याला परत ऊन दाखवावं. विकतचं असेल तरीही.