अंगोरा ससे म्हणून जे विकलं जातंय ते घेण्याआधी माझा अनुभव वाचा

अंगोरा म्हणजे लांब, मऊ लोकरीसाठी पाळतात तो ससा, आणि त्या नावाखाली मला भलतेच ससे विकले गेले. हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये, राग मावळून तीनेक महिने झाले. पण परवा ओळखीतल्या एका मुलीने मला एक व्हिडिओ पाठवला, तेच पिंजरे, तेच पांढरे गुबगुबीत ससे, मागे तेच गाणं, फक्त फोन नंबर नवीन, आणि खाली विचारलं होतं की ताई घेऊ का. तेव्हा ठरवलं की आता सगळं सविस्तर लिहायचं.

थोडं मागचं सांगते म्हणजे मी यात कशी अडकले ते कळेल. विणकाम माझं लहानपणापासूनचं, दोन सुयांवरचं आणि क्रोशाचं, दोन्ही आईने शिकवलं. सूत कातायला शिकले ते मात्र सासऱ्यांकडून. त्यांना शाळेत टकळीचा, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायच्या चातीचा, तास असायचा, त्यांचा पेटी चरखा अजून घरात आहे, त्यांनीच पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, धरून माझा हात बसवला. पुढे मी फलटणकडच्या एका मेंढपाळ घरातून दख्खनी मेंढीची लोकर आणून कातायला लागले. छान मजबूत धागा होतो, पण ती घोंगडीची लोकर, अंगाला टोचते, बाळाच्या टोपीला नाही चालत. मऊ लोकर हवी म्हटलं की मला नेहमी मनाली आठवायचं. तिथे हिडिंबा मंदिराच्या आवारात बायका भलेमोठे अंगोरा ससे घेऊन उभ्या असतात, फोटोचे पैसे घेतात, आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या अल्बममध्ये तो फोटो असेल. मी तिथे ससा हातात घेतला तेव्हा माझी बोटं त्याच्या केसांत पार दिसेनाशी झाली होती, तो स्पर्श डोक्यातून गेलाच नाही.

आमच्याकडे आधीपासून एक साधा ससा आहे, चिकू, चार वर्षांचा, त्यामुळे ससे पाळणं मला नवीन नव्हतं. गेल्या वर्षी जानेवारीत हा व्हिडिओ दिसला, महाबळेश्वरच्या बाजूला अंगोराचा फार्म आहे, घरच्या घरी लोकर काढा, लोकर आम्हीच परत विकत घेऊ वगैरे. फोन केला. बोलणारा माणूस इतका गोड की काय सांगू, ताई ताई करून बोलायचा, मी चरख्यावर कातते म्हटल्यावर म्हणाला ताई तुमच्यासारख्या माणसांसाठीच आम्ही हे करतो. तीन ससे, एक नर दोन माद्या, पिंजरा, कंगवा आणि माहितीपत्रक मिळून २८,००० रुपये. मी विचारलं की पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तर थंड हवेतला हा ससा कसा जगेल, त्यावर त्याचं उत्तर तयार, आमची हायब्रीड अंगोरा आहे, आपल्या हवेला सेट केलेली. हे खोटं आहे. त्या दाट लोकरीत पुण्यासारख्या उन्हाळ्यात एसीशिवाय अंगोराचे हाल होतात, साध्या सशालासुद्धा तिशीच्या पुढे उष्णतेचा त्रास होतो. आपल्याकडे अंगोरा खऱ्या अर्थाने पाळला जातो तो हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीमच्या थंड भागात, आणि कुल्लूजवळ गडसा इथे केंद्र सरकारच्या मेंढी आणि लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे तिथे अंगोरावर काम चालतं. हे मी पैसे भरल्यावर वाचलं. आधी वाचायला दहा मिनिटं पुरली असती.

त्याने कुरिअरने नमुना म्हणून पांढऱ्या धाग्याची एक छोटी गुंडी पाठवली, आमच्याच सशांची लोकर म्हणून. फार मऊ होती, मी लगेच भाचीसाठी मोजे विणायला घेतले. यजमान जरा कुरकुरत होते, पण त्या माणसाच्या करारात लोकर २,००० रुपये किलोने परत घेणार असं लिहिलेलं बघून तेही म्हणाले की ठीक आहे, खर्च तरी सुटेल. आधी ५,००० टोकन, मग २३,००० फोनवरून.

ससे आले ते रात्रीच्या खाजगी बसने, स्वारगेटला उतरवून घेतले, सफरचंदाच्या खोक्यात. तळाला ओला पेपर. तिन्ही पिल्लं माझ्या तळहातावर मावत होती. तो म्हणाला होता तीन महिन्यांची आहेत, ती जेमतेम पाच आठवड्यांची असतील. लेकीने नावंही ठेवून टाकली, कापूस, ढगू आणि छोटी. छोटीला दुसऱ्या दिवशी जुलाब लागले, तिने खाणं सोडलं, तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. आमचे डॉक्टर म्हणाले की आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लांचं पोट असं पटकन बिघडतं, त्यात रात्रभराचा प्रवास. लेक दोन दिवस शाळेत गेली नाही. पैशाचं राहू द्या, ही गोष्ट मला अजून जड जाते.

त्याच वेळी डॉक्टरांनी उरलेल्या दोघांना उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले हे दोन्ही नर वाटतायत, आणि अंगोरा तर मला अजिबात वाटत नाहीत. मानेभोवती लांब केसांची झालर होती, पण पाठीवर आणि कमरेवर आखूड केस. लायनहेड नावाची एक जात असते, सिंहाच्या आयाळीसारखे केस मानेभोवती, तिच्यातली ही सरमिसळ असणार असं त्यांचं मत. लहानपणी असली पिल्लं एवढी फुगीर दिसतात की फोटोत कुणीही फसेल, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची आयाळ मोठं होताना गळून जाते. मी त्या माणसाला फोन केला तर म्हणे ताई डॉक्टरांना अंगोरा कुठे माहीत असतो, दुसऱ्या कातरणीनंतर लोकर लांब होते, तुमचं खाद्य चुकतंय. मग त्याने स्वतःचं स्पेशल खाद्य दिलं, ५ किलोला १,८०० रुपये, अशा दोन पिशव्या मी घेतल्या. पिशवीवर ना नाव ना घटक. डॉक्टरांनी वास घेऊनच सांगितलं की हे कोंबडीचं खाद्य वाटतंय, ताबडतोब बंद करा, कोंबडीच्या खाद्यात घालतात त्यातली काही औषधं सशांना बाधतात. सशाचं मुख्य खाणं म्हणजे सुकं गवत, दिवसभर चघळायला, ते माझ्या चिकूला मी इतकी वर्षं घालतेच आहे, तरी त्या माणसाच्या बोलण्यात येऊन मी पिशव्या घेतल्या.

पाचव्या महिन्यात दोघांची आयाळ गळायला लागली. मी रोज कंगव्याने काढून स्टीलच्या डब्यात साठवत होते. महिनाभराने सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन केलं, ९ ग्रॅम. कातून बघितलं, केस इंच-सव्वा इंचाचे आणि गुळगुळीत, पीळ बसायच्या आत हातातून निसटून जायचे, टकळी एक फेरा घेते न घेते तोच धागा तुटायचा. खऱ्या अंगोराची लोकर अडीच-तीन महिन्यांनी कातरतात तेव्हा ती साधारण ६ सेंटीमीटर असते, म्हणून तर तिचा धागा होतो.

त्याच रात्री मला नमुन्याच्या गुंडीचा संशय आला. उरलेल्या धाग्याचा बोटभर तुकडा कापला, गॅसवर स्टीलची ताटली ठेवून चिमट्यात धरून पेटवला. भसकन पेटला, काळा धूर, प्लॅस्टिकचा वास, आणि टोकाला एक काळा थेंब जमून ताटलीत पडला. गार झाल्यावर नखाने दाबला तर मोहरीसारखा टणक, फुटेना. मग फलटणच्या लोकरीचा धागा पेटवला, तो हळूहळू धुमसत विझला, केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांत चोळली की भुकटी. म्हणजे नमुना चक्क अॅक्रिलिकचा होता, बाजारात सुट्टा मिळतो तो. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, कुणीही महाग लोकर विकायला आलं तर एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा, केसाचा वास आला म्हणजे अंगोराच असं नाही, मेंढीचीही असू शकते, पण गोळा झाला तर ती कुठल्याच प्राण्याची नाही.

आता कराराचं. ते कागद मी तेव्हा वाचले होते, पण डोक्याने नाही. बारीक अक्षरात अट होती की एका वेळी किमान ५ किलो लोकर असेल तरच खरेदी. चांगला जर्मन अंगोरा, उत्तम निगा असेल तर वर्षाला किलोच्या आसपास लोकर देतो, म्हणजे तिन्ही ससे अस्सल असते आणि कुल्लूत असते तरी ५ किलो व्हायला दोन वर्षांच्या जवळपास गेली असती, तोवर साठवलेल्या लोकरीला कसर लागते, गुंता होऊन तिचा नमदा होतो, म्हणजे ती चिकटून घट्ट होते. म्हणजे ती अट कुणाचीच कधी पूर्ण होऊ नये म्हणूनच लिहिलेली. विकणाऱ्याचा पत्ता म्हणून फक्त तालुक्याचं नाव होतं. सांगलीकडे २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण गाजलं तेव्हा मी स्वतः लोकांना म्हणत होते की अंडी आम्हीच घेऊ म्हणणाऱ्यावर विश्वास कसा ठेवला. तीच मांडणी इथे होती, फक्त कोंबडीच्या जागी ससा, आणि माझ्या आवडीची गोष्ट समोर असल्यामुळे मला ती ओळखू आली नाही.

मी हे सगळं लिहून पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. मग १९३० वर सायबरची तक्रार केली, पण तिथे लगेच, काही तासांत फोन केला तर पैसे अडवता यायची शक्यता असते, मी गेले पाच महिन्यांनी. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली. दुकानातून ससा विकायलासुद्धा २०१८ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र आधी मागा, मी मागितलंच नव्हतं. पैसे अजून आलेले नाहीत. शोधाशोध करताना आणखी चौघी भेटल्या, एकीने तर दहा सशांचे पैसे भरलेत, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी असं अडकलं असेल तर पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, बसची पावती, त्याचे व्हॉइस मेसेज काहीही डिलीट करू नका, आणि सशांना रस्त्यावर किंवा टेकडीवर सोडून देऊ नका, पाळीव ससा बाहेर फार दिवस जगत नाही.

कापूस आणि ढगू आमच्याकडेच आहेत. दोन्ही नर, सहाव्या महिन्यात एकमेकांचे कान फाडायला लागले, नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं, आता शांत आहेत.

व्हिडिओ पाठवणाऱ्या त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की पैसे द्यायच्या आधी त्याला व्हिडिओ कॉल कर, कुठलाही एक मोठा ससा घेऊन त्याच्या पाठीवरचे केस बोटाने फाकवायला आणि तिथे मोजायची पट्टी उभी धरायला सांग. तिने सांगितलं. तो म्हणाला रेंज नाहीये, संध्याकाळी दाखवतो. संध्याकाळी तिने फोन लावला तेव्हा तिचा नंबर ब्लॉक झालेला होता.