गुळाच्या पट्टीपासून पीडीएफपर्यंत : अडत दुकानातील लिब्रेऑफिस

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानात गुळाच्या हंगामात रोज शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे कागद, निघतात. पट्टीवर नाव, गाव, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन, सौद्यात म्हणजे लिलावात लागलेला दर आणि हमाली-तोलाई वजा जाता हातात पडणारी रक्कम असते. पूर्वी हे काम ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याने घालून दिलेल्या विनापरवाना सॉफ्टवेअरवर चालत असे. दिवाळीनंतर ऐन आवकेत ते बंद पडले आणि दोन दिवस पट्ट्या हाताने लिहाव्या लागल्या. तेव्हा लिब्रेऑफिस हे कागदपत्रे आणि हिशेबाचे तक्ते करण्याचे सॉफ्टवेअर बसवले आणि आज तीन हंगाम त्यावरच काम चालू आहे.

ओपनऑफिस या तशाच सॉफ्टवेअरच्या मूळ कामातून 2010 मध्ये वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था सांभाळते. धंद्यासाठी वापरले तरी त्याला परवाना शुल्क नाही.

आमचे खरे काम कॅल्कमध्ये, म्हणजे त्यातील तक्त्यांच्या भागात होते. गावांची यादी एकदा भरून ठेवली की रकान्यात गाव टाइप करण्याऐवजी यादीतून निवडता येते, त्यामुळे एकच गाव तीन तऱ्हांनी लिहिले जाण्याचा जुना घोळ संपला. तीस किलोचे चाळीस रवे असले तर बारा क्विंटल वजन आपोआप मांडले जाते आणि दर भरताच रक्कम तयार होते. रकमेच्या रकान्याला #,##,##0 असा नमुना दिला की स्वल्पविराम आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीने पडतात; शेतकऱ्याला रक्कम एका नजरेत वाचता आली पाहिजे, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते. पुढे हाच तक्ता रायटरमधील, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या भागातील, पट्टीच्या नमुन्याला जोडायचा. छपाईची आज्ञा दिल्यावर फॉर्म लेटर (एकाच नमुन्यात तक्त्यातील प्रत्येकाचा तपशील भरलेली प्रत) छापायचे का, असे रायटर विचारतो. होकार दिला की दिवसभराच्या पट्ट्या एकामागून एक निघतात.

मराठीसाठी मात्र सुरुवातीला थोडी मेहनत घ्यावी लागते. रायटर इंग्रजी आणि देवनागरी मजकुराचे फाँट व त्यांची मापे वेगवेगळी धरतो. हे ठाऊक नसेल तर एकाच ओळीत इंग्रजी अक्षरे मोठी आणि मराठी बारीक दिसतात आणि नवा माणूस वैतागतो. यावर उपाय असा की भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी (देवनागरीसारख्या लिप्यांच्या मांडणीसाठी) मराठी नेमावी आणि मूळ शैलीतच दोन्ही मापे एकदाची जुळवून घ्यावीत. ज्या फाँटमध्ये मराठी वळणाची सोय आहे, त्यात भाषा मराठी नेमल्यावर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात. आपल्या शाळेत गिरवलेला ‘ल’ छापील पट्टीवर पाहून मला मनापासून समाधान वाटले. जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फाँटमधील फायली मात्र रूपांतर करून घेतल्याशिवाय वापरण्याजोग्या होत नाहीत, आणि रूपांतरानंतरही जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये केलेली, तक्ते आणि चौकटींनी भरलेली फाईल इथे उघडल्यावर तिची मांडणी कधी कधी सरकते, आणि एक्सेलमधील मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा) जसेच्या तसे चालतील याचा भरवसा नसतो. ज्यांचे कर सल्लागार मॅक्रो घातलेले तक्ते पाठवतात, त्यांनी आधी एका जुन्या फाईलवर ते चालवून पाहावे. आम्ही बाहेर जाणारा प्रत्येक कागद पीडीएफ करूनच पाठवतो. त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही, एका बटणावर काम होते. सौदा आटोपून शेतकरी यार्डाबाहेर पडण्यापूर्वीच पट्टी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली असते, आणि वजनाबद्दल शंका असेल तर काटा समोर असतानाच तिचे निरसन होते.