आखडलेली पाठ आणि घरी एकट्याने व्यायाम: सूर्यनमस्कार, जमिनीवरचे व्यायाम की वजन?

दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडली आहे, जिमला जायला वेळ नाही आणि घरी शिकवायला कोणी नाही. अशा माणसासमोर बहुधा तीन वाटा असतात: सूर्यनमस्कार, फिजिओथेरपिस्ट देतात तसे जमिनीवरचे व्यायाम, किंवा थोडंथोडं वजन उचलणं. तिन्हींनी पाठ सुधारू शकते. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात जुनाट कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या 249 चाचण्या तपासल्या गेल्या आणि काहीच न करण्यापेक्षा व्यायामाने दुखणं कमी होतं, हे त्यात दिसलं. त्यामुळे सगळ्यात गुणकारी व्यायाम कोणता, यावर महिनोन् महिने अडून बसू नका. घरी एकट्याने करायचं असेल तर माझ्या मते दोन गोष्टी पाहाव्यात. चुकलं तर आपलं आपल्याला लगेच कळतं का? आणि चूक झालीच तर ती किती महागात पडेल?

सूर्यनमस्कार

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून नमस्कार रुजवले, आणि मराठी घरांत ते आजही सवयीचे आहेत. साधन लागत नाही, खांदे, खुबे, घोटे सगळं हलतं, श्वासाला लय येते. लहानपणी केलेले असतील तर शरीर ते विसरलेलं नसतं, आणि एकट्याने सुरुवात करणाऱ्याला हा फार मोठा आधार असतो.

पण आखडलेल्या पाठीला त्यात एक अडचण आहे. एका नमस्कारात पुढे वाकून हात टेकवणं दोनदा येतं, म्हणजे बारा नमस्कारांत चोवीस वेळा. मांडीचे मागचे स्नायू आवळलेले असले की खुब्यातून वाकता येत नाही आणि सगळा बाक कमरेतून निघतो. त्यात वेळ पहाटेची. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात; सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती यामुळेच. फुगलेल्या गादीवर वाकताना ताण जास्त येतो. जुनाट कंबरदुखी असलेल्यांनी सकाळी उठल्याउठल्या वाकणं टाळलं तर दुखणं कमी होतं, असं 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळलं होतं.

यावर उपाय सोपे आहेत. उठल्यावर तासभर जाऊ द्या किंवा नमस्कार संध्याकाळी घाला. गुडघे मोकळेपणाने वाकवा. हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बैठकीवर टेकवा. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे वापरून आसनं आखडलेल्या शरीरापर्यंत आणली, तेव्हा त्यात कमीपणा मुळीच नाही. तरीही एकट्या माणसासाठी एक धोका उरतोच. नमस्काराची गती अशी असते की चूक करताना जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी उसण भरल्यावर कळते.

जमिनीवरचे तीन व्यायाम

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात पाठीच्या कण्याचा अभ्यास केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांनी तीन व्यायामांचा एक संच प्रचारात आणला. सुरुवात मी यानेच करायला सांगेन.

पहिला व्यायाम उताणं झोपून. एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळहात कमरेखालच्या पोकळीत. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे, पूर्ण उठून बसायचं नाही. दुसरा कुशीवर. कोपर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले, आणि कंबर उचलून गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक रेघ करायची. तिसरा रांगण्याच्या स्थितीत. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, मग उलट. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद धरायचं आणि सोडायचं. पहिल्या फेरीत सहा वेळा, दुसरीत चार, तिसरीत दोन. सोपं वाटायला लागलं की धरण्याचे सेकंद वाढवत बसू नका, वेळा वाढवा.

यात ताणण्यापेक्षा धरून ठेवण्यावर भर आहे. 1984 मध्ये डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्या पुरुषांच्या पाठीचे स्नायू जास्त वेळ तग धरत होते, त्यांना पुढच्या वर्षभरात पहिल्यांदा कंबरदुखी होण्याचं प्रमाण कमी होतं. पाठीला दम हवा, तो असा थोडाथोडा येतो.

आणि एकट्या माणसाला इथे परीक्षक मिळतो. रांगण्याच्या व्यायामात कमरेवर अर्धी भरलेली पाण्याची वाटी ठेवा. पाय उचलताना कंबर फिरली की पाणी सांडतं. आरसा नको, शिक्षक नको. पाय खुब्याच्या वर जायला लागला की कंबर आत वळते आणि वाटी पुढे घसरते, तेही तिथल्या तिथे कळतं. चूक झाली तरी शरीर जमिनीलगतच असतं, त्यामुळे इजा होण्याची शक्यता कमी.

उणीवही आहे. हे व्यायाम कंटाळवाणे आहेत, आणि भरलेला गॅस सिलिंडर उचलण्याइतकी ताकद त्यांनी येत नाही.

वजन उचलणं

तो सिलिंडर सुमारे 30 किलोचा असतो. बादली, प्रवासाची बॅग, झोपलेलं मूल, हे सगळं घरात कोणीतरी उचलणारच. म्हणून पाठीला वजनाची ओळख करून द्यावी असं मला ठामपणे वाटतं, फक्त सगळ्यात शेवटी.

आधी वाकायला शिका. मॉपची दांडी पाठीवर उभी धरा. ती डोक्याला, खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाडाला टेकली पाहिजे. गुडघे किंचित वाकवून पार्श्वभाग मागे ढकलत पुढे झुका. तीनपैकी एकही जागा सुटली तर तिथेच थांबा, तुमची आजची हद्द तेवढीच. हे नीट जमलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरून ती छातीशी धरा आणि तसंच झुका. आठवड्यातून दोन दिवस पुरे. वजन वाढवायचं की नाही हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर ठरवा. पाठ नेहमीपेक्षा जास्त आखडली असेल तर एक पायरी मागे या.

मोबाइल बाजूला ठेवून व्हिडिओ काढलात तर गोलावलेली पाठ दिसते, पण ती वजन उचलून झाल्यावर. म्हणून एकट्याने हा पर्याय सगळ्यात जपून वापरायचा.

तुमची पाठ कोणत्या जातीची?

पुढे वाकल्यावर त्रास वाढतो आणि कळ पायात उतरते, असं असेल तर नमस्कार सध्या बाजूला ठेवा. उलट, साठीच्या पुढे उभं राहून-चालून पाय भरून येत असतील आणि ट्रॉलीवर ओणवं झाल्यावर बरं वाटत असेल, तर भुजंगासनासारखं मागे वाकणं टाळा. दुखत काहीच नाही, नुसती आखडलेली आहे आणि नमस्कार अंगवळणी पडलेले आहेत, तर संध्याकाळी खुर्ची घेऊन खुशाल सुरू करा. बाकी सगळ्यांनी पहिले सहा आठवडे जमिनीवरचे तीन व्यायाम करावेत आणि मग सॅक उचलावी.

यापैकी काहीही निवडा, सोबत चाला. 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले 701 लोक होते. मार्गदर्शन घेऊन चालणाऱ्यांमध्ये निम्म्या लोकांचं दुखणं उलटायला 208 दिवस लागले, इतरांमध्ये 112. जवळ कुठेही फूटपाथ धड नसेल तर सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारा.

चाळिशीच्या आतल्यांनी एक गोष्ट नीट बघावी. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो, विश्रांतीने वाढतो, हालचालीने कमी होतो, उत्तररात्री जाग आणतो आणि हे महिनोन् महिने चाललंय, असं असेल तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. तो मणक्यांचा संधिवात असू शकतो. मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा पाय लुळा पडणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा उतारवयात पडल्यानंतर सुरू झालेली पाठदुखी असेल, तर आधी डॉक्टर, मग चटई.