डोहाळजेवणाची सजावट आणि फुलांचे दागिने : इंदिरानगरच्या ताईंकडचा अनुभव

सुनेला सातवा लागला तेव्हा तिचे पाय सुजायला लागले होते. थाटमाट कितीही होवो, तिला ताटकळत बसवायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. इंदिरानगरमधल्या या ताईंकडे सजावट आणि फुलांचे दागिने दोन्ही दिलं, आणि त्यांनी हे माझ्याहून जास्त मनावर घेतलं.

इतर ठिकाणी फोन केला की आधी थीम आणि बजेट विचारायचे. ताईंनी विचारलं, "हॉल कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे ना? बाथरूम जवळ आहे का?" आमच्या सोसायटीचा हॉल तळमजल्यावर आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "काकू, मग दुसरा बघूच नका." भाड्याचे पैसे तिथेच वाचले.

फुलांनी मढवलेला झोपाळा सगळेच देतात, पण त्यावर गर्भारशीला टेकायला काही नसतं आणि पाय लोंबकळतात. यांनी पाठीशी लोड लावला, पायाखाली पाट ठेवला आणि ओटी भरून होईपर्यंत झोपाळा हलू नये म्हणून तो मागून बांधून ठेवला.

दागिन्यांचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. सुनेला मोगऱ्याच्या वासाने मळमळतं. ताईंनी मोगरा आणि निशिगंध दोन्ही टाळून पांढरी शेवंती आणि गुलाबपाकळ्या घेतल्या. बाजूबंद आणि कंबरपट्ट्याला इलास्टिक नाही, साटीनची फीत, म्हणजे हवी तेवढी सैल बांधता येते. आतून मऊ सुती कापड शिवलेलं, त्यामुळे तार कुठे टोचली नाही. फुलं त्याच दिवशी सकाळी बाजारातून आणलेली, संध्याकाळपर्यंत टवटवीत होती. येवल्याची हिरवी पैठणी ओटीपुरतीच नेसवा, मग सुती साडी द्या, हा सल्लाही त्यांचाच.

कार्यक्रम चारला सुरू केला आणि आधी सुनेला जेवायला बसवलं. आपल्याकडे जिचं डोहाळजेवण, तीच सगळ्या पंगती उठेपर्यंत उपाशी, हे मला कधीच पटलेलं नाही. मसालेभात, नारळीभात, लिंबूभात, दहीभात आणि साधा वरणभात असे पाच भात मी घरीच केले होते. तिने दहीभात दोनदा मागून घेतला. पेढा-बर्फीचा खेळ मी नको म्हटलं. मुलगा की मुलगी यावरून त्या दिवशी कुणाचंही तोंड उतरायला नको होतं. ताईंनी लगेच मान्य केलं आणि तो वेळ डोहाळ्याच्या गाण्यांना दिला. आत्याबाईंनी जुनी गाणी म्हटली, सुनेच्या मैत्रिणींनी टाळ्यांचा ठेका धरला.

दोन गोष्टी खटकल्या. त्यांनी पाठवलेल्या मुलाने स्पीकर फार मोठ्याने लावला. सांगितल्यावर आवाज कमी केला, पण सांगावं लागलं. आणि सजावट उतरवायचे पाचशे रुपये वेगळे, हे आधी कळायला हवं होतं. बाकी सजावट आणि दागिने मिळून साडेनऊ हजार झाले, आणि कामाच्या मानाने मला ते रास्त वाटले.

लग्नसराईत फुलं महागतात आणि ताईंच्या तारखाही भरतात, तेव्हा सहावा लागला की फोन करून ठेवा. कुठल्या फुलाचा वास चालत नसेल तर तोही तेव्हाच सांगा.