काजूच्या पाकिटाला क्यूआर की एनएफसी?

गोव्याच्या काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, काजूच्या फेणीला तर ते 2009 पासूनच आहे. नाव झालं की नक्कल आलीच. म्हणून सत्तरी-डिचोलीतले छोटे कारखानदार आता अस्सलपणाची खूण कुठली लावायची ते विचारू लागलेत. या खुणा विकणारा एजंट दर सांगतो, पण हॅकर कुठून शिरेल ते सांगत नाही.

सगळ्या पाकिटांवर एकच क्यूआर असेल तर विषयच संपला. फोटो काढायचा, छापायचा, चिकटवायचा.

पाकिटागणिक वेगळा क्यूआर बरा, पण कोड 0001, 0002 असे ओळीने दिले तर पुढचे आकडे भामटा घरबसल्या लिहील. कोड लांब आणि रँडम हवा, वर स्क्रॅचचा थर हवा. एकच कोड सकाळी म्हापशात आणि दुपारी नागपुरात स्कॅन झाला तर कोड तपासणाऱ्या सर्व्हरने तिथल्या तिथे बोंब मारली पाहिजे. खरं भगदाड मात्र वेगळंच असतं: कोडची अख्खी एक्सेल फाइल छापखान्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जाते!

एनएफसी म्हणजे फोन जवळ नेला की वाचली जाणारी चिप. तिचा साधा टॅग सहज क्लोन होतो, म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल निघते; त्यावर पैसे घालवू नका. एनटॅग 424 डीएनएसारखा टॅग एईएस-128 ही मजबूत सांकेतिक पद्धत वापरतो. दर टॅपला नवा कोड निघतो, त्यामुळे जुना कोड पुन्हा वापरला तर सर्व्हरला कळतं. मात्र प्रत्येक टॅगची गुप्त किल्ली वेगळी हवी, नाहीतर एक फुटली की सगळा माल उघडा. फेणीच्या बाटलीवर टॅग बूच उघडताना तुटेल असाच लावायचा, कारण रिकाम्या बाटल्या परत भरल्या जातात. टॅग लेबलपेक्षा बराच महाग पडतो, आणि स्वस्त फोनांत एनएफसी नसतंच.

नकली माल विकणारा बहुधा यातलं काहीच फोडत नाही. तो स्वतःचा क्यूआर छापतो आणि तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या साइटवर ‘माल अस्सल आहे’ असं हिरव्या अक्षरांत दाखवतो. म्हणून साइटचा पत्ता पाकिटावर ठळक छापा आणि डोमेनचं (म्हणजे त्या पत्त्याच्या नोंदणीचं) नूतनीकरण चुकवू नका. अ‍ॅडमिन लॉगिनला एसएमएसच्या ओटीपीपेक्षा फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं.

माझं मत: काजूला स्क्रॅचवाला वेगळा क्यूआर पुरे. एनएफसी महागड्या, मुरवलेल्या फेणीपुरतंच ठेवा. सही करण्याआधी एजंटला एवढं विचाराच: तुमची कंपनी उद्या बंद पडली तर डोमेन आणि कोडची यादी कुणाच्या ताब्यात राहील?